आयत्या वेळचा विषय

सभेची वेळ पाच. सहा वाजून गेले.
आठवी 'ब'च्या बाकांवर मोठी माणसं
गुडघे तिरके करून बसली आहेत.
मी वहीत तारीख घातली, खाली 'उपस्थिती' लिहिलं,
आणि पेन टोपणात घातलं.

तेरा जणांची समिती. सात आले की कोरम.
आम्ही सहा.

मुख्याध्यापक फारसे बोलत नाहीत. ते पदसिद्ध,
निवडणुकीच्या उन्हात त्यांना उभं राहावं लागत नाही.
गणिताच्या न्देंगेझा बाई पेपर तपासत बसल्यात.
मी कारकून, शिक्षकेतरांची प्रतिनिधी,
म्हणजे दोन स्वयंपाकिणी, एक रखवालदार
आणि मार्चपासून बंद पडलेलं झेरॉक्स मशीन, या सर्वांच्या वतीने.
मुओफे अकरावीतली. तिची मुदत वर्षाची, आमची तीन.
पालकांपैकी अध्यक्ष नेमाखावानी, हाताला अजून अवोकाडोचा चीक;
आणि खजिनदार अझ्विहांग्विसी,
जिची पावतीपुस्तकं तिच्या घरापेक्षा नीट.

कायदा सांगतो, पालक नेहमी जास्त हवेत:
बाकी सगळ्यांची बेरीज, अधिक एक.
शाळा कुणाची, याचं उत्तर
एवढंच आहे त्या जाड पुस्तकात:
अधिक एक.

तो एक सव्वासहाला आला.
रेंदानी, वय तेवीस, पेट्रोल पंपाचा गणवेश तसाच.
निवडणुकीच्या दिवशी कुणीतरी विचारलं होतं,
हा पालक कसा? ह्याला मूल कुठंय?
त्याने खिशातून बहिणीचं प्रगतिपुस्तक काढलं,
चार सत्रं, चार सह्या, चारही त्याच्या.
नेमाखावानी तेव्हा एवढंच म्हणाले होते,
रात्री जो दाराला कडी घालतो, तो पालक.
मी ते इतिवृत्तात घेतलं नाही.
घ्यायला हवं होतं.

विषय चार: नवीन शौचालयं, ठेकेदाराशी करार.
मुओफेला सांगावं लागलं (सांगायचं काम माझं),
की अठरा पूर्ण नाहीत, कराराच्या ठरावावर तुला मत नाही.
बोलता येईल.

ती म्हणाली, ठीक आहे, बोलते.
खड्डा किती खोल आहे, तुमच्यापैकी कुणी पाहिलंय?
आम्ही दोघी-दोघी जातो.
एक आत, एक बाहेर, आतलीचा हात धरून.
आठवीतल्या मुली दिवसभर पाणी पीत नाहीत.
ऑक्टोबरमध्येसुद्धा.

न्देंगेझा बाईंचं लाल पेन थांबलं.
पंख्याला वीज नव्हती, तरी सगळे वर पंख्याकडे बघत होते.

ठराव सहा विरुद्ध शून्य मंजूर.
खात्याची परवानगी, मग निविदा, मग डोंगराच्या रस्त्याने
सिमेंटचा ट्रक. लवकरात लवकर जून.
अझ्विहांग्विसीने बोटांवर महिने मोजले
आणि मूठ मिटून ठेवली.

मग ती ओळ, जी दर सभेत येते आणि रिकामी जाते:
अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणारे विषय.
नऊ वर्षं मी तिच्यापुढे 'निरंक' लिहीत आले.

माझ्या टेबलाच्या वरच्या खणात एक किल्ली आहे.
कर्मचाऱ्यांचं शौचालय, नळाचं, पांढऱ्या फरशीचं.
पितळी किल्ली, तिला माझ्याच केसांची रबरबँड.
रोज सकाळी मी ती मोजून ठेवते,
जणू कुणी चोरून नेईल.

अध्यक्ष महाराज, मी म्हणाले,
आणि माझाच आवाज मला अनोळखी वाटला.
किल्ली उद्यापासून खणात नको.
व्हरांड्यात खिळ्याला असू दे. मुलींच्या हाताला येईल इतक्या उंचीवर.

मुख्याध्यापकांनी घसा साफ केला. बोलले नाहीत.
रेंदानी म्हणाला, अनुमोदन. खिळा मी ठोकतो.

यात करार नाही, पैसा नाही,
तिसऱ्या कुणाशी देणंघेणं नाही.
मी पान उलटून नियम पुन्हा वाचला, मोठ्याने,
आणि मुओफेकडे पाहिलं.

तिचा हात आधीच वर होता.